माणसामागून गेलेली चव

शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील दोन तालुके भाताचे होत. वर्षाचें जेवण तेथें भातावर व तांदुळाच्या भाकरीवर उभें असतें. भाताशिवाय जेवण झालें असें ज्यास वाटत नाहीं, असा एक देश पूर्वेकडे समुद्रापलीकडे आहे, तो फिलिपाईन्स. तेथील एका उपाहारगृहाचा इतिहास या दोन तालुक्यांशीं ताडून पाहिला असतां पुष्कळ बोध होतो.

१९७५ सालीं टोनी टान काक्तियोंग या चिनी वंशाच्या तरुणानें मनिलाजवळील केसॉन शहरांत आइस्क्रीमचें दुकान घातलें. गिऱ्हाइकें गरम पदार्थ मागूं लागलीं, तेव्हां त्यानें धंद्याची दिशा बदलली, आणि १९७८ सालीं ‘जॉलिबी’ ही कंपनी निघाली. १९८१ सालीं मॅक्डोनाल्ड ही बलाढ्य अमेरिकन कंपनी त्या देशांत आली. ती या नवख्या दुकानांस गिळून टाकील असें वाटणें साहजिक होतें. पण तसें घडलें नाहीं. जॉलिबीनें तळलेल्या कोंबडीबरोबर भात वाढला. स्पॅगेटीवर गोड सॉस व सॉसेजचे काप घातले. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचा व पुढें अमेरिकेचा अंमल सोसून १९४६ सालीं स्वतंत्र झालेला हा देश. त्यानें परक्यांचे पदार्थ घेतले खरे, परंतु त्यांस आपली चव दिली.

याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. फिलिपिनो परिचारिका, खलाशी व घरकाम करणाऱ्या स्त्रिया पोटासाठीं जगभर पसरल्या, आणि त्यांच्या मागोमाग हें दुकानहि गेलें. १९८७ सालीं तें ब्रूनेईंत उघडलें, १९९८ सालीं सॅन फ्रान्सिस्कोनजीक डेली सिटी येथें, आणि २०१८ सालीं मिलान व लंडन येथें. आज त्याच्या शाखा दीड हजारांहून अधिक आहेत. परमुलखांत राबणाऱ्या माणसास तेथें पोटभर अन्नाबरोबर घटकाभर आपला देश भेटतो. पुढें परके लोकहि त्या रांगेंत उभे राहिले. पण रांग लाविली ती घर सोडून आलेल्यांनीं.

महाराष्ट्रांत याच्याशीं तुलना करावयाची तर ती वडापावाचीच. बटाटा व मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलीं. ‘पाव’ हा शब्दहि त्यांचाच. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनीं या दोहोंची गांठ घातली असें सांगतात. स्टेशन हेंच या पदार्थाचें माहेर. ज्या लोहमार्गानें १८५४ सालीं कल्याण व १८६१ सालीं कसारा गांठलें, त्याच मार्गावर वासिंद, आसनगांव, खर्डी येथून पहांटे गाडी पकडणाऱ्या शहापूरकरांच्या हातीं तो आला. मुरबाडकरांस तो कल्याणास उतरून मिळाला. २००१ सालीं मुंबईंत ‘जंबोकिंग’ व २००४ सालीं कल्याणास ‘गोली’ हीं त्याचीं साखळी दुकानें सुरू झालीं. २०१० सालीं दोघां मराठी मित्रांनीं लंडनच्या हाउन्स्लो भागांत ‘श्रीकृष्ण वडापाव’ उघडलें. तेथेंहि तोच नियम दिसतो: आधीं माणूस गेला, मग वडा.

तथापि एक भेद ध्यानांत ठेवावा. जॉलिबी एका कंपनीचें धन आहे. वडापाव कोणाचाहि नाहीं. त्याची एकच एक कृति नाहीं, म्हणून एका छापाचीं हजार दुकानें उभीं करणें अवघड. पण एक कढई व एक गाडा असलेल्या गरिबासहि तो रोजगार देतो. जगभर नांव होण्याचा लाभ एका पारड्यांत घातला, तर हा लाभ दुसऱ्या पारड्यांत घालावा लागेल.

आणि या दोन तालुक्यांची मूळची चव? पावसाच्या आरंभीं डोंगरांत शेवळें उगवतात. त्यांची खाज घालविण्यास काकडाचीं आंबट फळें लागतात. आदिवासी बायका हीं दोन्ही बाजारांत आणून विकतात. हा मेवा चार दिवसांचा; तो कोणत्याहि साखळींत बसणार नाहीं. ज्या कातकरी कुटुंबांचा हा रानमेवा, तीं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांच्या मागोमाग कोणतेंहि दुकान जात नाहीं, कारण दुकान मजुरीचा पैसा पाहून जातें, आणि भट्टीवरची मजुरी बहुधा आधीं घेतलेल्या उचलींतच फिटते. त्यांची चव त्यांच्यापाशीं येत नाहीं. पावसाच्या तोंडावर त्यांनाच तिच्याकडे परतावें लागतें. चवीचा मान वाढतो तो केवळ तिच्या गोडीनें नव्हे, तर ती चाखणाऱ्याच्या हातीं चार पैसे आल्यानें, हें फिलिपाईन्सच्या इतिहासांतून शिकण्यासारखें आहे.