चांद्याजवळचा बर्फ आणि दक्षिण ध्रुवाचा गाळ

१/
गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील सौंदड स्थानकातून दक्षिणेकडे निघालेली गाडी अर्जुनी, वडसा, नागभीड, मूल करीत चांदाफोर्टला पोहोचते. मे महिन्यात या मुलखाचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तरीही या मार्गाच्या दक्षिण टोकाशी, चंद्रपूरच्या पश्चिमेस, बर्फाने ओरखडलेला खडक आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रतळातून आज जो हिमाचा इतिहास वाचला जातो, त्याची बाराखडी भारतातील भूवैज्ञानिकांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अशाच खडकांवर गिरवली होती.

२/
या कथेचा आरंभ कोळशापासून होतो. आगबोटी आणि नवी रेल्वे यांसाठी कंपनी सरकारला कोळसा हवा होता. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आकारास आली. तिच्यात नव्याने दाखल झालेले विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे बंधू व त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड यांना ओडिशातील तालचेर संस्थानात पाठवण्यात आले. कोळशाच्या थरांखाली त्यांना एक विचित्र थर आढळला.

३/
त्या थरात अतिशय बारीक गाळ होता आणि त्याच गाळात मोठमोठे धोंडे रुतलेले होते. येथेच कोडे होते. नदी आपला गाळ निवडून टाकते. प्रवाह वेगवान असेल तर धोंडे वाहतात आणि चिखल पुढे निघून जातो. प्रवाह मंदावला की चिखल बसतो, पण मग धोंडा हलवण्याचे बळ पाण्यात उरत नाही. दोन्ही एकाच थरात कसे आले? १८५६ मध्ये या तिघांनी उत्तर सुचवले : हे धोंडे बर्फाने आणले असावेत.

४/
हे विधान धाडसाचे होते. युरोपच्या मोठ्या भागावर एके काळी बर्फ पसरले होते, हा लुई अगासी यांचा १८४० मधील सिद्धान्त तेव्हा तेथील विद्वानांनाही पुरता पटलेला नव्हता. अशा वेळी कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या भूमीवर बर्फ होते असे म्हणणे अनेकांना अविश्वसनीय वाटले. केवळ धोंड्यांच्या मांडणीवरून एवढा मोठा निष्कर्ष मान्य होणे कठीण होते. आणखी ठोस पुराव्याची गरज होती.

५/
तो पुरावा चांदा परिसराने दिला. पैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमाच्या आसपास इरई या ठिकाणी फ्रान्सिस फेडन यांना तालचेरसारखाच गोलाश्म थर आढळला. तो ज्या प्राचीन चुनखडकावर टेकला होता, त्या चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर लांब, समांतर ओरखडे व खाचा होत्या. थरातील काही धोंड्यांवरही तसेच ओरखडे होते. १८७५ मध्ये फेडन यांनी हा वृत्तान्त सर्वेक्षण संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

६/
या ओरखड्यांचे महत्त्व असे : पाणी दगड गोलाकार करते, पण सरळ समांतर रेघा ओढत नाही. तळाशी गोठलेले दगड घेऊन जड बर्फ सरकते तेव्हाच खालच्या खडकावर कानशीने घासल्यासारख्या खुणा उमटतात. फेडन यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात ‘तळबर्फ’ हा शब्द वापरला, म्हणजे पाण्याच्या तळाशी गोठणारे बर्फ. १९६३ मध्ये ए. जे. स्मिथ यांनी इरईच्या या खडकाचे पुन्हा सविस्तर वर्णन केले आणि तो हिमनद्यांच्या काळाचा पुरावा म्हणून मांडला. यंत्रणेविषयीचे मत बदलले, पण खडकावरील रेघ तीच राहिली.

७/
दरम्यान या खडकांना नाव मिळाले. १८७२ मध्ये एच. बी. मेडलिकॉट यांनी कोळसा आणि त्याच्याशी निगडित थरांसाठी ‘गोंडवन’ ही संज्ञा योजली. गोंड राजांची जी राज्ये मध्य भारतात नांदली, त्यांच्या मुलखावरून हे नाव आले. चांदा ही त्यांच्यापैकीच एक राजधानी. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे एडुआर्ट झ्यूस यांनी दक्षिणेकडील लुप्त महाखंडासाठी ‘गोंडवनलँड’ हा शब्द वापरला आणि गोंडांचे नाव जगाच्या नकाशावर पोहोचले.

८/
इतर खंडांतूनही तीच साक्ष येत होती. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये सेल्विन यांनी, तर दक्षिण आफ्रिकेत १८७० मध्ये सदरलँड यांनी प्राचीन हिमाच्या खुणा नोंदवल्या. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी विदर्भात जमवलेल्या जीवाश्मांत ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीची जिभेसारखी पाने होती. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मृत्युमुखी पडले. त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांतही ग्लॉसॉप्टेरिसची पाने होती.

९/
हे सारे देश आपापल्या आजच्या जागी होते असे मानले, तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी बर्फ पसरले होते असे म्हणावे लागे. मग उरलेल्या पृथ्वीवर उष्ण दलदलीची अरण्ये कशी वाढली? आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ पासून वेगळे उत्तर मांडले. खंड सरकतात. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र ठेवले, की विखुरलेले बर्फ एकाच प्रदेशात जमते. बहुतेक भूवैज्ञानिकांनी हे मत तेव्हा नाकारले. १९३० मध्ये वेगेनर ग्रीनलँडच्या हिमावरच निवर्तले.

१०/
निर्णायक साक्षींपैकी एक महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातून आली. लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजे त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. त्या दिशेच्या कलावरून खडक कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येते. १९५० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी सहकाऱ्यांसह, दख्खनच्या खडकांची अशी मोजमापे केली. हा बसाल्ट विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस थिजला होता. म्हणजेच भारत खरोखरच उत्तरेकडे सरकला होता.

११/
आता समुद्राकडे वळू. तालचेर काळातील बर्फ केवळ जमिनीवर नव्हते. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी मध्य प्रदेशातील उमरिया येथे, आणि पुढे आजच्या छत्तीसगडमधील मनेंद्रगढ येथे, याच काळातील सागरी जीवाश्म सापडले. मनेंद्रगढचा शोध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे हसदेव नदीकाठी थंड पाण्यात राहणाऱ्या युरिडेस्मा या शिंपल्याचे अवशेष आहेत. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेतही तो आढळतो. म्हणजे मध्य भारतातील या गाळाचा काही भाग हा एका ध्रुवीय समुद्राचा तळच होय. त्याचे वय सुमारे २९ ते ३० कोटी वर्षे आहे.

१२/
समुद्रतळावर धोंडा कसा येतो, हे समजले की १८५६ चे कोडे पूर्ण सुटते. हिमनदी समुद्राला मिळते तेव्हा तिचे कडे तुटून हिमनग होतात. त्यांच्या पोटात जमिनीवरून खरवडलेले दगड असतात. हिमनग वितळत पुढे जातो आणि दगड एकेक करून खालच्या मऊ चिखलात पडतात. खालचे पातळ थर त्या भाराने वाकतात, नंतरचे थर दगडावर पांघरूण घालतात. बारीक गाळात एकटा दगड दिसला, की वरून बर्फ गेले होते असे समजावे.

१३/
आजचे संशोधक हाच न्याय लावतात. जहाजावरून समुद्रतळात लांब नळी घुसवून गाळाचा उभा दंड काढला जातो. त्याला कोअर म्हणतात. त्यात खाली जुना, वर नवा असा कालक्रम असतो. प्रत्येक थरातील जाड वाळूचे कण मोजले जातात, कारण किनाऱ्यापासून दूर असे कण मुख्यतः हिमनगच आणू शकतात. डायाटम या सूक्ष्म शैवालांच्या जातींवरून समुद्रावर बर्फाचा थर होता की मोकळे पाणी, हे कळते.

१४/
तिसरी साक्ष ऑक्सिजनची. ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात. हलक्या ऑक्सिजनचे पाणी अधिक सहज बाष्प होते, हिम होऊन जमिनीवर पडते आणि हिमस्तरात अडकून राहते. मग समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्मजीव याच पाण्यातून कवच बनवतात आणि मेल्यावर गाळात मिसळतात. त्या कवचांच्या रासायनिक पृथक्करणातून पाण्याचे तापमान आणि जगातील एकूण बर्फ यांचा अंदाज बांधता येतो.

१५/
या अभ्यासात भारताचे केंद्र गोवा आहे. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिने तेथे पाऊल ठेवले. १९९८ मध्ये वास्को येथे जी संस्था स्थापन झाली, ती आज राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र म्हणून ओळखली जाते. २००४ मध्ये ‘सागर कन्या’ या जहाजाने दक्षिण महासागराची पहिली भारतीय मोहीम पार पाडली. तिने समुद्रतळाचे कोअरही आणले.

१६/
२०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ हे भारतीय स्थानक पूर्व अंटार्क्टिकातील प्रिट्झ उपसागराच्या काठी आहे. ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या आंतरराष्ट्रीय वेधन जहाजाने याच उपसागरात १९८८ आणि २००० मध्ये तळाचे छेद घेतले. खालच्या थरांत वनस्पतींचे अवशेष आणि परागकण, तर वर हिमाने आणलेला खडबडीत गाळ, असा क्रम तेथे दिसला. तालचेरचे बर्फ वितळल्यानंतर अंटार्क्टिका कोट्यवधी वर्षे हिरवी होती. आजचा हिमस्तर सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी मोठा होऊ लागला. हवेतील कार्बन डायऑक्साइडची घट आणि खंडाभोवती मोकळे झालेले सागरमार्ग ही त्याची मुख्य कारणे मानली जातात.

१७/
प्रिट्झ उपसागरात लॅम्बर्ट ही जगातील मोठ्या हिमनद्यांपैकी एक नदी उतरते. तिच्याखाली एक प्राचीन खचदरी आहे. भारतातील महानदी खोऱ्याची खचदरी आणि ही दरी एके काळी सलग होती, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. तालचेर याच महानदीच्या खचदरीत आहे. ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्ये जेथे बर्फाचा पहिला संशय घेतला आणि जहाजांनी जेथे समुद्रतळ छेदला, ती दोन्ही ठिकाणे एकाच दरीच्या तुटलेल्या दोन टोकांशी आहेत.

१८/
चंद्रपूरचा कोळसाही याच इतिहासाचे पुढचे पान आहे. बर्फ मागे हटल्यावर ओल्या सखल भूमीवर ग्लॉसॉप्टेरिसची अरण्ये माजली. ती गाळाखाली गाडली गेली आणि वर्धा खोऱ्याचा कोळसा झाली. म्हणून तालचेर थर नेहमी कोळशाच्या खाली सापडतो. आज तोच कोळसा औष्णिक केंद्रात जळतो आणि त्यातील कार्बन हवेत जातो. ज्या वायूच्या घटीने अंटार्क्टिकावर बर्फ साचण्यास हातभार लावला, त्याचीच वाढ आता त्या बर्फाला वितळवू लागली आहे.

१९/
किती उष्णतेत किती बर्फ टिकते आणि समुद्र किती चढतो, याचा अंदाज बांधताना संगणकीय प्रारूपे पूर्वी घडलेल्या घटनांशी ताडून पाहिली जातात. त्या घटनांचे दप्तर समुद्रतळाच्या गाळात आहे. ते वाचण्याची पहिली अट १८५६ मध्ये होती तीच आजही आहे : थरात न शोभणारा दगड दिसला तर तो बाजूला टाकायचा नाही, त्याला तेथे कोणी आणले हे विचारायचे. खंड सरकतात हे ठाऊक नसतानाही फेडन यांनी इरईच्या रेघा जशा दिसल्या तशा लिहून ठेवल्या. त्यांचा पूर्ण अर्थ लागायला पुढे सुमारे शंभर वर्षे गेली.