मार्चची बिअर आणि बाबांचा अमोनिया

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. बाहेर पाऊस, पाताळगंगा गढूळ, आणि रसायनीच्या आमच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे मामेभावाने म्युनिकहून आणलेली आयिंगरची 'ऑक्टोबर फेस्ट-मेर्त्सन'. (मावशी, वाचत असशील तर आईला सांगू नकोस.)

मेर्त्स म्हणजे मार्च. मग ऑक्टोबरच्या जत्रेत मार्च कुठून आला? तर १५५३ मध्ये बव्हेरियाच्या राजाज्ञेने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायला बंदी घातली. उन्हाळ्यात ती नासायची. मग मार्चमध्येच जरा कडक बिअर करायची, थंड तळघरात हिवाळ्याचा बर्फ घालून ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. आपल्या पापड-कुरडयांसारखी बेगमीच की! 'लागर' या शब्दाच्या मुळाशीही साठवणच आहे. म्युनिकची जत्रा सुरू झाली १८१० मध्ये, युवराज लुडविगच्या लग्नानिमित्त. ही बिअर तिथे आली फार नंतर. हल्ली तर तंबूंत फिकट सोनेरी बिअरच असते, आणि मान फक्त शहरातल्या सहा कारखान्यांना. आयिंग पडलं शहराबाहेरचं गाव, त्यामुळे आमची बाटली जत्रेबाहेरचीच. रसायनीकराला ते जवळचं वाटलं.

आता निकाल. रंग मधासारखा तांबूस. वास भाजलेल्या पावाच्या कडेचा. पहिल्या घोटाला गोडसर, मग कडवटपणा हळूच येतो आणि शेवट कोरडा. ५.८ टक्के आहे हे दुसऱ्या ग्लासाला कळतं. आपल्या दमट हवेत तेव्हा ती जड होते. १० पैकी ८.

बाबा घेत नाहीत. बाजूला पेपर वाचत होते. मी भावाला सांगत होतो की म्युनिकचा प्राध्यापक कार्ल लिंडं याने १८७० च्या दशकात थंडाव्याचं यंत्र केलं, तेव्हा त्याच्यामागे स्पाटेनसारखे बिअरवाले उभे होते. म्हणजे मार्चच्या साठवणीची गरज ज्या यंत्राने संपवली, ते बिअरवाल्यांनीच उभं केलं! आणि १८७६ पासून त्यात अमोनिया.

पेपर खाली आला. "अमोनिया?"

बाबांनी इथल्या एका कारखान्याच्या चिलिंग प्लांटवर तीन पाळ्यांत आयुष्य काढलं. कारखाना बंद पडला, कॉम्प्रेसर भंगारात गेले. त्यावर ते घरात कधी बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. (चूक आमचीच.) त्या संध्याकाळी मात्र वीजबिलाच्या पाठीवर कॉम्प्रेसर, कंडेन्सर, व्हॉल्व, ब्राइनची टाकी असं सगळं काढून झालं. ग्लास तसाच राहिला, फेस बसला.

"ही बिअर किती डिग्रीला ठेवतात रे?"

"शून्याच्या आसपास."

"मग ब्राइन उणे पाचला तरी लागणार," म्हणाले, आणि चित्रात तसा आकडा लिहिला.