जे. जे. रुग्णालयातील शंभर मेंदू

क्षयरोग म्हटला की खोकला आणि फुप्फुसे आठवतात. हाच जंतू मेंदूत शिरला तर काय घडते, याचा शोध भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात एका न्यूरोपॅथॉलॉजिस्टने घेतला. त्यांचे नाव डॉ. दाराब दस्तूर.

आरंभ मात्र कुष्ठरोगापासून झाला. या रोगात त्वचेची संवेदना का हरपते? त्वचेतील बारीक मज्जातंतूंची सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी हानी आणि रुग्णाला प्रत्यक्ष जाणवणारा स्पर्श यांची सांगड घालणारा त्यांचा निबंध १९५५ मध्ये ‘ब्रेन’ या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. पुढे ग्वाम बेटावरील गूढ मज्जाविकाराचा संबंध सायकसच्या बियांशी आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी माकडांवर प्रयोग केले. तो मार्ग जंतूंचा नव्हता, पण प्रश्न तोच: चेतापेशी मरते कशी?

खरे आव्हान होते मुलांचे. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी क्षयजन्य मेंदूज्वर म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यू. औषध आले, तरी अनेक मुले दगावत, वाचलेली कित्येक अपंग होत. जंतू मारूनही मेंदू का वाचत नव्हता?

१९७० मध्ये दस्तूर, बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि सहकाऱ्यांनी अशा शंभर रुग्णांच्या मेंदूंचे शवविच्छेदनातील निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रोगात मेंदूच्या तळाशी दाट, चिकट स्राव साचतो. त्यात गुरफटलेल्या रक्तवाहिन्या सुजून बंद होतात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला भाग रक्ताविना मरतो. द्रवाचा मार्ग तुंबला की डोके फुगते.

त्याहून विलक्षण निरीक्षण १९६६ चे. काही मुले बेशुद्धीत गेली, पण मेंदूच्या आवरणाला दाह अत्यल्प, क्वचित मुळीच नाही! मेंदू मात्र सुजलेला आणि पांढऱ्या भागातील तंतूंचे वेष्टन रक्तवाहिन्यांभोवती विरलेले. दस्तूर-उदानींचा तर्क असा, की येथे घाव जंतूचा कमी आणि त्याच्याविरुद्ध खवळलेल्या शरीराच्या प्रतिक्रियेचा अधिक. याला त्यांनी ‘क्षयजन्य एन्सेफॅलोपॅथी’ म्हटले. जंतूला दोषी ठरवण्याची सवय जडलेल्या काळात हे म्हणणे धाडसाचेच होते.

दाह आवरणे हाही उपचारच, हे पुढे अन्यत्र दिसले. २००४ मध्ये व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या चाचणीत क्षयजन्य मेंदूज्वरात डेक्सामेथासोनमुळे मृत्यू घटले. वाचलेल्यांमधील गंभीर अपंगत्व मात्र घटले नाही.