वर्षांची मुदत, किलोमीटरची झीज

बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी करत वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी, ट्रॅक्स दिवसाला दोन खेपा मारायची, म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. महिन्यातले चार-पाच दिवस उभी राहिली तरी वर्षाला साठ हजार. त्याच साली घेतलेली दुसरी गाडी एखाद्या संस्थेच्या आवारात उभी असते, वर्षात आठ-दहा हजारही पळत नाही. कायद्याला मात्र दोघी सारख्याच. पासिंगची, म्हणजे योग्यतेच्या दाखल्याची, मुदत दोघींना एकच. भिगवण रस्त्यालगतच्या माझ्या गॅरेजात मी या दोन्ही प्रकारच्या गाड्या उघडल्या आहेत. एकीचे पाट्याचे बुश झिजून भोकं लांबट झालेली, दुसरीचे नव्यासारखे. कागद दोघींचे चोख.

हे कधीपासून असं आहे, ते बघायला मागे जावं लागतं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने भाड्याच्या गाडीला योग्यतेचा दाखला लागू केला. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, तोही त्याच वाटेने गेला. नव्या गाडीला दोन वर्षं, पुढे दरवर्षी पासिंग. २०१८ मध्ये सवलत मिळाली : आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. इतक्या वर्षांत मोजमाप कॅलेंडरचंच राहिलं. गाडी पळाली किती, यावर मुदत कधी ठरली नाही.

टॅक्सीच्या इतिहासाचा एक धागा आमच्या इंदापूर तालुक्यातूनच निघतो. कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला, त्याचं वालचंदनगर झालं. याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली आणि मुंबईची काळी-पिवळी झाली. त्या जुन्या होत चाललेल्या टॅक्सीचं काय करायचं, हा प्रश्न सरकारपुढे आला तेव्हा उत्तर पुन्हा वर्षांतच सापडलं. २००८ मध्ये पंचवीस वर्षांची मर्यादा, २०१३ मध्ये वीस. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओ कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि वीस वर्षं भरताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. तिचं इंजिन कसं होतं, ब्रेक कसे होते, याची त्या तारखेला गरजच नव्हती. लोकांना हळहळ वाटली, मलाही वाटली. पण वयाची मर्यादा लावावी लागली याचं कारण मला स्पष्ट दिसतं : दरवर्षीच्या पासिंगवर कोणाचाच पुरता भरवसा उरला नव्हता.

तो का उरला नाही, हे आमच्या भागात जवळून बघायला मिळालं. बारामतीची एमएच-४२ ची पाटी येण्याआधी इथल्या गाड्या एमएच-१२ होत्या, पुण्याच्या. पासिंगच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजात येई. मी खाली शिरून चासिसवरचा नंबर पॉलिश पेपरने घासायचो, त्यावर कागद दाबून शिसपेन्सिल आडवी फिरवायचो, आणि एकेक आकडा काळ्यातून पांढरा उमटायचा. एखादा आकडा गंजाने खाल्लेला असला की आरटीओचे साहेब छाप परत पाठवत, म्हणून दोन-तीन छाप घेऊन ठेवायचे. मग रिफ्लेक्टर, वायपर, हॉर्न, इंडिकेटर, प्रथमोपचार पेटी, काळ्या-पिवळ्या रंगाचा हात. आणि टायर. गोटा झालेले टायर उतरवून ओळखीच्या गाडीचे नक्षीवाले चढवायचे, पास झाली की संध्याकाळी परत जागच्या जागी. आणखी कोणत्या भागात काय चालायचं ते मी सांगत नाही, आमच्याकडे हे सर्रास होतं. मी चालकांना म्हणायचो, बाबा, टायर तुझ्या पोरांसाठी बदल. काही जण बदलायचे. बरेच जण हप्त्याचा आकडा सांगायचे, आणि तो आकडाही खरा असायचा.

तपासणीत ब्रेक बघितला जाई, पण कसा? रिकामी गाडी, थंड ड्रम, चार पावलं पुढे आणि करकचून ब्रेक. जास्त पळालेल्या गाडीचा दोष असा दिसत नाही. बारा-चौदा माणसं भरली, गळिताच्या हंगामात भवानीनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे सारखा ब्रेक दाबत आलं, की ड्रम तापतो आणि पेडल खाली जायला लागतं. किंगपिनचा प्ले तर जॅक लावून चाक उचलल्याशिवाय हाताला लागत नाही.

पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी याच ढिसाळपणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. या माणसाचे उपकार इथल्या प्रवाशांना ठाऊकही नसतील. त्यातून २०१६ मध्ये आदेश निघाला की प्रत्येक आरटीओकडे ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवाच. मुदती उलटत गेल्या, तेव्हा न्यायालयाने ट्रॅक नसलेल्या कार्यालयांतली तपासणी १ नोव्हेंबर २०१७ पासून बंदच केली. कित्येक गाड्यांना दुसऱ्या गावी जावं लागलं, मालक चिडले. पुण्याच्या गाड्यांसाठी दिवे इथे ट्रॅक आहे, सासवड रस्त्याला. २५० मीटर म्हणजे गाडीला वेग घेऊ देऊन मग थांबवता येतं. एका बाजूला ओढणारी गाडी तिथे लपत नाही. मी त्याला मोठी सुधारणा मानतो, खोळंबा झाला तरी.

पुढची पायरी यंत्राची. केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. सक्तीच्या तारखा मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात, हेडलाइटचा झोत, चाकाचं बाजूला सरकणं, सांध्यांचा प्लेसुद्धा यंत्रावर दिसतो. माझ्या हाताला जे जॅक लावून कळायचं, ते यंत्र आकड्यात सांगतं, आणि यंत्रापुढे चहापाणी चालत नाही. मी त्याचं मनापासून स्वागत करतो. तरी ते सांगतं त्या सकाळपुरतंच. साठ हजार किलोमीटर पळणारी गाडी पुढच्या तीन महिन्यांत पंधरा हजार पळून आलेली असते, आणि ब्रेकचे लायनर तेवढ्यात कडेला लागू शकतात.

मग किलोमीटर मोजावेत म्हटलं, तर मीटरच्या काट्यावर तरी किती विसंबावं? जुन्या फियाटचा मीटर पाच आकडी. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. विकताना मालक म्हणायचा, पन्नास हजार झालेत, आणि मी पेडलचं रबर बघायचो. पायाखाली लोखंड लागलं असलं की एक फेरा उलटून गेला असं समजायचं. जाणता चालक वहीत लिहायचा : तेल कधी बदललं, लायनर कधी टाकले, किती किलोमीटरवर. भरवशाची गाडी ती, जिची वही सापडायची. काट्यात फेरफार झाला तरी गॅरेजच्या नोंदी त्याला उघडं पाडतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की भाड्याच्या गाडीची मुदत किलोमीटरवरही बांधावी. दरवेळच्या तपासणीत काट्यावरचा आकडा दाखल्यावरच नोंदवावा, म्हणजे पुढच्या खेपेला तो मागे गेला तर लगेच कळेल. शेजारी ब्रेकचं काम शेवटचं कधी झालं तेही लिहावं, गॅरेजच्या शिक्क्यासह. आणि चाळीस हजार किलोमीटर झाले की वर्ष भरलेलं नसलं तरी ब्रेक आणि स्टिअरिंग पुन्हा तपासावं. गॅरेजवाल्याने शिक्का मारायचा म्हणजे जबाबदारीही घ्यायची. मी ती घ्यायला तयार आहे.