हुद्द्याचा हक्क

कोणत्याही मोठ्या दफ्तरात एका माणसाला प्रवेश देणे हे ओळखीने आणि भरवशाने होऊ शकते. परंतु एकाच सकाळी चारशे माणसांना प्रवेश द्यावयाचा, दीडशे जणांचा काढून घ्यावयाचा आणि उरलेल्यांपैकी कित्येकांच्या अधिकाराची कक्षा बदलावयाची, असा प्रसंग आला म्हणजे ओळख अपुरी पडते आणि कारभार सुरू होतो. विक्रेते, ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारे कर्मचारी, त्यांचे वरिष्ठ आणि हिशेबनीस ज्या सामाईक संगणकीय दफ्तरात ग्राहकांच्या नोंदी ठेवतात, आणि जे व्यवहारात सीआरएम एवढ्याच त्रोटक नावाने ओळखले जाते, त्या दफ्तरात असा प्रसंग नवी भरती, खात्यांची फेररचना किंवा दोन कंपन्यांचे एकत्रीकरण झाले की हटकून येतो. तो निभावून नेणाऱ्याला अ‍ॅडमिन म्हणतात. त्याचे काम बाहेरून कारकुनी दिसते. परंतु त्या कामाची परंपरा साठ वर्षांहून जुनी आहे आणि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न तर आपल्या मुलखाला फारच परिचयाचा आहे. अधिकार माणसाच्या नावाला जोडावा, की त्याच्या हुद्द्याला? वतनदारीत तो नावाला आणि नावामागून वंशाला चिकटे. पगारी चाकरीत तो हुद्द्यापाशी राही आणि बदली झाली की मागेच सुटे. परगणा आणि कुलकर्णी वतने नाहीशी करण्यासाठी मुंबई राज्याला १९५० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून नावाला चिकटलेला हक्क सोडविणे किती दुष्कर असते हे ध्यानात यावे.

संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न १९६१ च्या सुमारास उद्भवला. तोपर्यंत संगणक एका वेळी एकाचेच काम करी, त्यामुळे यंत्र ज्या खोलीत असे तिचे दार हाच काय तो अधिकाराचा प्रश्न होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली सिद्ध केली, आणि एकाच यंत्राचा काळ अनेकांत वाटून देण्याची सोय झाली. वाटणी आली तेव्हा वाटेकऱ्यांची यादी आली, प्रत्येकाची स्वतंत्र कागदपत्रे आली, आणि ती एकमेकांपासून राखण्यासाठी प्रत्येकाला परवलीचा शब्द देणे आले. हे सर्व शब्द एकाच फाइलीत, वाचता येतील अशा स्वरूपात, लिहून ठेवलेले असत. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या कामासाठी वाट्याला आलेला वेळ पुरेना. तेव्हा १९६२ साली त्याने खातेक्रमांक आणि फाइलीचे नाव लिहिलेले एक छिद्रांकित कार्ड शुक्रवारी रात्री छपाईसाठी टाकले, आणि शनिवारी सकाळी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची छापील यादी त्याच्या हाती आली. पुढे काही वर्षांनी त्याच प्रणालीत याहून मोठा अनर्थ घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी फाइली दुरुस्त करीत होते. एक परवलीच्या शब्दांची, दुसरा रोजच्या सूचनेची. आणि दुरुस्तीसाठी वापरावयाच्या तात्पुरत्या फाइलीला प्रणाली एकच ठरीव नाव देत असल्यामुळे दोहोंची अदलाबदल झाली. त्या दुपारी जो जो प्रवेश करी त्याच्यापुढे दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादी टंकित होऊ लागली. कोर्बाटोंनी ही हकिगत स्वतः आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते; कारण अनेकांचे अधिकार एका ठिकाणी आणल्यावर एका हाताची चूक अनेकांची चूक होते, हे त्या दुपारी प्रथमच सर्वांच्या डोळ्यांपुढे आले.

कोर्बाटोंच्याच नेतृत्वाखाली पुढे उभारलेल्या मल्टिक्स प्रणालीत या अनुभवाचे फळ दिसते. तेथे प्रत्येक वापरकर्त्याची ओळख तीन भागांची असे : व्यक्तीचे नाव, ती ज्या प्रकल्पावर काम करते त्याचे नाव, आणि एक खूण. फाइलीला जोडलेल्या परवान्यांच्या यादीत व्यक्तीच्या जागी नुसता तारा टाकला, तर त्या प्रकल्पावरील यच्चयावत सर्वांना एका ओळीने अधिकार मिळे. आणि प्रकल्प सोडून गेलेल्याचा तो कोणी काहीही न करता आपोआप जाई. माझ्या मते एकगठ्ठा अधिकार देण्याच्या विद्येचा आरंभ या ताऱ्यापासून धरावा. १९७१ साली बटलर लॅम्पसन यांनी अधिकारांचे कोष्टक कल्पिले, ज्यात आडव्या ओळी वापरकर्त्यांच्या आणि उभे रकाने वस्तूंचे. परंतु हजार माणसे आणि दोनशे वस्तू म्हटल्या की त्या कोष्टकाची दोन लक्ष घरे होतात, आणि दोन लक्ष घरे डोळ्यांनी तपासणे कोणत्याही मनुष्याच्या आवाक्यातले नाही. १९७५ साली जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच, त्याहून तिळभर अधिक नव्हे, इतका अधिकार असावा असे तत्त्व मांडले. तत्त्व निर्विवाद होते. पण दोन लक्ष घरांत ते अमलात आणावे कसे, हा प्रश्न उरलाच. युनिक्स या प्रणालीने मालक, गट आणि इतरेजन अशी त्रिविध वाटणी करून तो सोपा केला, परंतु कारखान्याच्या आणि पेढीच्या गुंतागुंतीला ती वाटणी तोकडीच पडे.

उत्तर आले ते १९९२ साली. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून या अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेतील दोघा संशोधकांनी एका निबंधात असे प्रतिपादन केले, की व्यापारी आणि नागरी संस्थांत अधिकार खरोखर माणसाला दिलेले नसतात, तो जी भूमिका पार पाडतो तिला दिलेले असतात. सबब प्रणालीनेही भूमिकेलाच अधिकार द्यावेत आणि माणसाला केवळ भूमिकेवर नेमावे. बँकेतील रोखपालाचे अधिकार एकदा ठरवून ठेवले म्हणजे दहा रोखपाल नेमा की दहा हजार, काम नेमणुकीचेच उरते. रवी संधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या कल्पनेला काटेकोर बांधणी दिली आणि २००४ साली तिला अमेरिकी मानकाचा दर्जा मिळाला. वतनाकडून हुद्द्याकडे जाण्याचा हा प्रवास संगणकाने तीस वर्षांत केला, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

याच सुमारास विक्रेत्यांच्या वह्या संगणकात शिरत होत्या. १९९३ साली टॉम सीबल आणि पॅट्रिशिया हाउस यांनी स्थापिलेल्या सीबल सिस्टिम्सच्या प्रणालीत या प्रश्नाचा विचार फार खोलवर झालेला होता, आणि तिच्याबद्दल चार शब्द अधिक लिहिणे मला अगत्याचे वाटते. त्या प्रणालीत कोणते पडदे दिसावेत हे जबाबदारीवरून ठरे, आणि कोणत्या ग्राहकांच्या नोंदी दिसाव्यात हे पदावरून. ग्राहक विक्रेत्याच्या नावावर लावलेला नसे. अमुक प्रदेशाच्या विक्रेत्याचे जे पद, त्यावर लावलेला असे. माणूस गेला तरी पद राही, पदावरचे ग्राहक राहत, आणि नवा माणूस त्या पदावर बसविला की पहिल्याच दिवशी सगळा बस्ता त्याच्यापुढे उघडा होई. ही रचना अवजड होती, तिची मांडणी करण्यास महिने लागत. तरीही कारभाराची तिची जाण सखोल होती.

१९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या तिघा साथीदारांनी स्थापन केलेल्या सेल्सफोर्सने हे दफ्तर आंतरजालावर आणले आणि उभारणीचे महिने दिवसांवर आणले. परंतु नोंदीचा मालक म्हणून तिने पदाऐवजी वापरकर्त्याचेच नाव घातले. प्रत्येक वापरकर्त्याला एक प्रोफाइल, म्हणजे मूळ अधिकारांचा संच, आणि वरिष्ठ-कनिष्ठांच्या उतरंडीतील एक स्थान मिळे, पुढे प्रोफाइलवर वाढीव अधिकारांचे पर्मिशन सेट चढविण्याची सोय झाली, आणि नंतर त्या सेटांचेही गट बांधता येऊ लागले. पण नोंदी मुळात नावालाच जोडलेल्या असल्यामुळे येथे वापरकर्ता कधी पुसता येत नाही. ज्याच्या नावावर वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत त्याला पुसले तर इतिहासच पोरका व्हावयाचा. म्हणून त्याला फक्त निष्क्रिय करतात. तेही सरळ होत नाही. नव्या चौकशा आपोआप ज्याच्याकडे जाव्यात असे ठरवून दिलेले आहे तोच इसम निघून जाणार असला, तर ती नेमणूक बदलेपर्यंत त्याचे खाते बंद होत नाही, आणि तोवर ते निदान गोठवून ठेवावे लागते.

हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. पुण्यात हिंजवडीत बसून परदेशी कंपनीची खाती सांभाळणारा अ‍ॅडमिन प्रथम मनुष्यबळ विभागाकडून आलेली यादी एक्सेलमध्ये उघडतो. दर माणसाची एक ओळ; आडनाव, ईमेल, वापरकर्तानाम, प्रोफाइलचा क्रमांक, कालविभाग, भाषा. वापरकर्तानाम ईमेलच्या घाटाचे असावे लागते, आणि ते जगातील कोणत्याही अन्य कंपनीच्या सेल्सफोर्समध्ये आधी कोणी घेतलेले असता कामा नये. प्रोफाइलचा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, आणि त्यातील मोठे व लहान रोमन अक्षर भिन्न मानले जाते. एक्सेलचा व्हीलुकअप, म्हणजे यादीतून जुळणी शोधणारे सूत्र, मात्र हा भेद जाणत नाही, आणि दोन क्रमांक अक्षरांच्या आकारापुरतेच वेगळे असतील तर एकाचा अधिकार दुसऱ्याच्या ओळीत बिनदिक्कत बसवून मोकळा होतो. ही फसगत टाळण्यासाठीच शेवटी तीन अक्षरे जोडून अठरा अक्षरांचा क्रमांक निर्माण करण्यात आला आहे, आणि जुनाजाणता अ‍ॅडमिन अठरा अक्षरांवाचून यादीला हात लावीत नाही. मग ती यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करून डेटा लोडर या नोंदी चढविणाऱ्या साधनात घालावयाची, रकान्यांची जुळणी पाहावयाची आणि कळ दाबावयाची. शेवटी दोन फाइली हाती येतात, एक सिद्धीस गेलेल्या ओळींची आणि एक चुकलेल्यांची. चुकलेल्यांची फाइल प्रत्येक अ‍ॅडमिन वाचतोच. सिद्धीस गेलेल्यांची जो सावकाश वाचतो तो खरा कसबी, कारण नको त्या माणसाला नको तो अधिकार यशस्वीपणे मिळाल्याची नोंद तिच्यातच असते.

एन्रॉन कंपनीच्या दिवाळखोरीनंतर २००२ साली अमेरिकेत सारबेन्स-ऑक्सली कायदा झाला, आणि कोणाला कोणता अधिकार का आहे याची ठरावीक मुदतीने पडताळणी करून लेखापरीक्षकांपुढे ठेवणे मोठ्या कंपन्यांना भाग पडले. हाताने याद्या चढविण्याचा काळ त्यानंतर सरत गेला. एससीआयएम नावाचे मानक २०११ साली निघाले आणि २०१५ साली त्याची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यायोगे मनुष्यबळ विभागाच्या दफ्तरात एखाद्याचा राजीनामा नोंदला गेला की तेथून निघालेला हुकूम कंपनीच्या सर्व प्रणालींत पोचून त्याची खाती एकदम बंद करण्याची सोय झाली. सोय मोठीच, आणि कोर्बाटोंच्या त्या दुपारची भीतीही तितक्याच प्रमाणात मोठी.

ती भीती १७ मे २०१९ रोजी खरी ठरली. सेल्सफोर्सच्या एका डेटाबेसवरील आज्ञावलीने, पारडॉट हे सेल्सफोर्सचेच विपणनाचे उत्पादन वापरणाऱ्या किंवा पूर्वी वापरीत असलेल्या कंपन्यांच्या वापरकर्त्यांना, त्यांच्या हक्काबाहेरचा सगळा डेटा उघडा केला. कंपनीने बाधित यंत्रसमूहांवरील प्रवेशच बंद केला, आणि त्यात ज्यांचा या चुकीशी काही संबंध नव्हता तेही बाहेर राहिले. दुरुस्ती करताना आधी अ‍ॅडमिनना आत घेण्यात आले. ज्यांच्यापाशी सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या प्रतीत, प्रोफाइल आणि पर्मिशन सेटांची शाबूत नक्कल होती त्यांनी ती परत चढविली; ज्यांच्यापाशी नव्हती, त्यांच्यावर एकेक अधिकार आठवून हाताने लावण्याची पाळी आली. ज्या कंपन्यांनी कोणत्या हुद्द्याला काय असावे हे प्रणालीबाहेर कागदावर लिहून ठेवले होते, त्यांची त्या दिवशी काय सोय झाली असेल हे वेगळे सांगावयास नको; आणि असा कागद ठेवण्याचा आग्रह मी या व्यवसायातील प्रत्येकाला कळकळीने करीन.

अलीकडे मात्र प्रश्नाने निराळेच वळण घेतले आहे, कारण या दफ्तरात शिरणाऱ्यांत आता माणसांइतकीच यंत्रे असतात. दुसऱ्या कंपनीची एखादी आज्ञावली सीआरएमला जोडली की तिला एक टोकन, म्हणजे प्रवेशाचा संगणकीय परवाना, दिले जाते. त्याला परवलीचा शब्द लागत नाही, ते राजीनामा देत नाही, बदली होऊन जात नाही, आणि मनुष्यबळ विभागाच्या यादीत त्याचे नाव नसल्यामुळे एससीआयएमचा हुकूमही त्याच्यापर्यंत पोचत नाही. पुष्कळदा ते बसविणारा माणूस कंपनी सोडून गेला तरी ते पूर्ववत चालू राहते. ऑगस्ट २०२५ मध्ये ड्रिफ्ट नावाच्या संवादप्रणालीची अशी टोकने चोरीस गेली, आणि ८ पासून १८ तारखेपर्यंत चोरांनी शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधून नोंदी उपसल्या. ग्राहकांनी तक्रारींच्या मजकुरात विश्वासाने लिहून पाठविलेल्या किल्ल्या आणि परवलीचे शब्द त्यांनी त्यांतून वेचून काढले. २० ऑगस्टला ड्रिफ्टची सर्व टोकने एका हुकुमाने रद्द करण्यात आली. त्यानंतर कित्येक कंपन्यांच्या अ‍ॅडमिनपुढे, आपल्या दफ्तराला आजवर कोणकोणत्या आज्ञावल्या जोडल्या गेल्या, कोणी जोडल्या आणि त्यांतील कोणती आज कोणाच्या कामाची आहे, याची यादी करण्याचे काम येऊन पडले.