कायदा १९७२ला आला, नांदेड-लातूरला कधी पोचला?

कायद्यावर संशोधन करताना आपण आधी तारीख शोधतो. वैद्यकीय गर्भपात कायदा देशात लागू झाला १ एप्रिल १९७२ला. पण हाच इतिहास नांदेड-लातूरकडून बघितला तर वेगळे प्रश्न सुचतात.

१९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १८६०ची भारतीय दंड संहिता इथे लागू झाली १९५१मध्ये. तिच्या कलम ३१२नुसार, बाईचा जीव वाचवण्याचं कारण सोडलं तर गर्भपात गुन्हा होता. करणाऱ्याचा आणि बाईचाही. १९६४मध्ये केंद्राने महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चोरून होणाऱ्या गर्भपातात बायकांचे जीव जात होते. १९६६ला अहवाल आला, १९७१ला कायदा झाला.

आता कायद्याची भाषा नीट वाचा. त्याने बाईला हक्क दिला नाही, अटी पाळणाऱ्या डॉक्टरला गुन्ह्यातून सूट दिली. डॉक्टर पात्र हवा, जागा सरकारी किंवा मान्यताप्राप्त हवी, आणि १२ आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत हवं. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं १९८८ला, लातूरला २००२ला. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढे. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबतीला कोण, यातच आठवडे निघून जातात आणि अट आणखी कडक होते.

त्यात दुसरा कायदा मिसळला. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला; देशाचा कायदा १९९४चा. २०११च्या जनगणनेत शेजारच्या बीडमध्ये हजार मुलांमागे ८०७च मुली होत्या. २०१२मध्ये परळीत गर्भपातात एका महिलेचा मृत्यू झाला, राज्यभर तपासण्या सुरू झाल्या आणि अनेक मेडिकलवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. लिंगनिदान गुन्हा आहे; गर्भपात अटींसह कायदेशीर आहे. हा फरक पुसला की त्रास गरजू बाईला होतो. २०२१च्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरेसं केलं, काही गटांसाठी मुदत २४ आठवडे केली. पण किनवटचं अंतर तेवढंच राहिलं.

या विषयावर काम करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. लातूर जिल्हा झाला १९८२ला; १९८१च्या जनगणनेत तो उस्मानाबादमध्ये आहे, म्हणून तुलना तालुकावार करा. आणि सरकारी नोंद होते ती मान्यताप्राप्त केंद्रातल्या गर्भपाताची. घरी गोळी घेतलेली बाई त्यात दिसत नाही. त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून गर्भपात कमी झाले, असं लिहू नका. आधी विचारा, केंद्र किती लांब होतं?