फौजी माणसानं ऊब मोजली, ती सेकंदांत

शहपुऱ्याहून बोलतोय. राजस्थानातलं नव्हे, आमच्या जबलपूर जिल्ह्यातलं. इथं मे महिन्यात रात्री दहालाही स्लॅबखाली झोपवत नाही. म्हणून छतावर काहीबाही लावून देणारे विक्रेते दारोदार फिरतात. म्हणतात, "साहेब, घर दहा अंशांनी थंड!" पण अंश तर ऊन-वाऱ्याप्रमाणे बदलतात. मग मोजायचं काय?

हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका फौजीलाच पडला होता. बेंजामिन थॉम्प्सन, पुढे काउंट रमफर्ड. जन्म १७५३, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. चाकरी बव्हेरियाच्या सैन्यात. शिपायाला कुठल्या कापडात ऊब मिळेल, हे त्याला ठरवायचं होतं. त्यानं थर्मामीटरचा गोळा एका मोठ्या काचगोळ्यात मधोमध बसवला आणि मधल्या जागेत लोकर, कापूस, रेशीम असं एकेक भरलं, प्रत्येक वेळी वजन तेवढंच. उकळत्या पाण्यात तापवायचं, बर्फात बुडवायचं आणि पारा ७० वरून १० रेओम्यूर अंशांवर यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. नुसती हवा असताना ५७६ सेकंद. कापूस १०४६, लोकर १११८, सशाची लव १३१५. खरी गंमत रेशमाची. कच्चं रेशीम १२८४, पण तेच पीळ देऊन शिवणाचा दोरा केला की ९१७! म्हणजे ऊब नुसत्या धाग्याची नाही, धाग्यांत अडकलेल्या हवेची आहे. पिंजून घेतलेली गादी ऊबदार का लागते, ते इथं कळतं. १७९२ साली त्याला रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं.

पण हे सेकंद फक्त त्याच्याच उपकरणाचे. १८२२ साली फूरिएनं उष्णतावहनाचं गणित मांडलं आणि प्रत्येक पदार्थाची वाहकता हा स्वतंत्र आकडा झाला. जाडीला वाहकतेनं भागलं की रोध मिळतो. १९४१ मध्ये कपड्यांसाठीही 'क्लो' हे एकक आलं: २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला बरं वाटेल एवढा पेहराव म्हणजे एक क्लो. उंचावरच्या चौकीवर ज्यांनी कोटावर कोट चढवलेत, त्यांना हे एकक समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे वाहकता मोजण्यासाठी भारतीय मानक ३३४६ आहे. तापवलेल्या तबकडीच्या दोन्ही बाजूंना नमुन्याची एकेक लादी. तबकडीभोवती आणखी एक तापतं कडं, म्हणजे उष्णता कडेनं निसटत नाही, लादीतूनच जाते. तापमान स्थिर झालं की किती वॅट लागले ते पाहायचं.

आता आपलं छत. १०० मिलिमीटर स्लॅबचा रोध जेमतेम ०.०६. दोन्ही पृष्ठभागांवरच्या हवेच्या थरांचे ०.२१ मिळवा आणि एकाला या बेरजेनं भागा. यू-मूल्य साडेतीनच्या वर जातं. २०१८ च्या इको-निवास संहितेत छताची मर्यादा १.२ आहे. वर २५ मिलिमीटर फोम घातला, तर ते एकाच्या आसपास येतं. तेव्हा विक्रेत्याला अंश विचारू नका. वाहकता, जाडी आणि चाचणीचा कागद मागा.

एक गोष्ट मात्र या आकड्यात बसत नाही. जुन्या घरांची हातभर जाड मातीची भिंत दुपारची उष्णता तासन्‌तास उशिरा आत सोडते. यू-मूल्य हा उशीर मोजत नाही. त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.